मानकापूरचं तिकीट

सिनेमा सहा मिनिटं चाळीस सेकंदांचा.
उन्नती खोब्रागडे, तृतीय वर्ष, तिनं केलेला,
मैत्रिणीच्या फोनवर.
प्रोजेक्टर माझा. म्हणजे कॉलेजचा,
पण बावीस वर्षं त्याची काच मीच पुसतो.

एप्रिल. कूलर बंद करावा लागला,
नाही तर पडद्यावरच्या पोराचं ऐकू येत नव्हतं.
तसा तो फारसं बोलतच नव्हता.

सदरहून निघालेली बस.
कंडक्टर दांडीवर पंच ठोकून ओरडतो,
‘पागलखाना, पागलखाना, चला उतरा.’
चौकाचं नावच ते. आपण नागपूरचे लोक
सहज पत्त्यात लिहितो,
कोणाला चिडवायचं तर तिथलं तिकीट काढून देतो.
पोरगा उतरत नाही.
दवाखान्याचं फाटक खिडकीतून मागे जाऊ देतो,
मानकापूरला उतरतो,
आणि बॅग छातीशी धरून
तेवढंच अंतर उन्हात परत चालतो.
पडद्यावर अक्षरं येतात: बारा मिनिटांनंतर.
फाटकाच्या अलीकडे, रसवंतीच्या घुंगरांवर
सिनेमा संपतो.

दिवे लावले.
प्राचार्य म्हणाले, सकारात्मक राहा, पहाटे उठा.
मग चर्चा.
पहिला प्रश्न: फोन कोणता होता?
दुसरा: बसवाल्यांची परवानगी घेतली का?
तिसऱ्या रांगेतून: ‘निशाद, तू खराच येडा वाटून राहिला होता बे!’
रांग हसली. निशाद परातेही हसला,
पण हसता हसता त्यानं बॅग पुन्हा छातीशी घेतली.
स्विचबोर्डापाशी उभं राहिलं की असलं दिसतं.

नंतर कोणी बोलेचना.
ट्यूबलाइटचा चोक ऐकू येईल एवढी शांतता,
दोनशे पोरं, दोनशे घामेजलेली कपाळं.
म्हटलं, हे असं नाही जमणार.
कूलर चालू केला.

घरघर सुरू झाली तशा माना हलल्या.
आवाजाच्या आडोशाला माणूस बोलतो;
आमची माय मोटारपंपाजवळ जाऊन रडायची.
एक म्हणाला, घरचे म्हणतात लग्न जुळेपर्यंत कोणाला सांगू नको.
एक म्हणाला, गोळ्या मी कॅल्शियमच्या डबीत ठेवतो,
म्हणजे, माझा एक मित्र ठेवतो.
हा मित्र त्या दुपारी
हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर राहत होता.

मग मागून, खांबाच्या बाजूनं, एक मुलगी:
‘बारा मिनिटं नाही लागत.
नऊ लागतात.
पेट्रोलपंपाच्या मागून गेलं तर.’

कूलर चालू होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.
एकानंही वळून पाहिलं नाही.
पोरांना एवढं कळतं, हे मला माहीत नव्हतं.
उन्नतीनं वहीत काहीतरी लिहिलं, बहुतेक नऊ.

पाचला हॉल रिकामा.
मी वायर गुंडाळत होतो, ती माईक द्यायला आली.
केसांत पेन खोचलेला. नाव नाही विचारलं.
म्हटलं, मंगळवारी जात जा, रांग लहान असते.
आणि पंपामागं कुत्री आहेत, समोरूनच जा.

‘तुम्हाला कसं माहीत?’

‘भावासाठी जायचो’ हे जिभेवर तयार होतं.
अठरा वर्षं तयारच असते ती,
घडी घातलेली, इस्त्री केलेली थाप.
गिळली.
म्हटलं, मीही मानकापूरचंच तिकीट काढायचो.

तिनं माईकची वायर माझ्या हातात नीट दिली.
म्हणाली, ‘पाच रुपये जास्तीचे जातात, नाही?’

तेव्हा दोन जायचे, मी म्हटलं.